जुनी डिस्क द्या, नवी घ्या

गेम खेळणाऱ्याचा लॅपटॉप मला उलटा करून ओळखता येतो. तळाची रबरी बुटं झिजलेली असतात, पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला असतो, आणि सरळ केला की डावीकडच्या चार बटणांवरची अक्षरं पुसलेली दिसतात. मालक शपथेवर सांगतो, "पढ़ाई का है, भैया." मी म्हणतो, "हाँ, दिख रहा है." मग तो हळूच मुद्द्यावर येतो. नवा गेम घेतलाय, लॅपटॉप जागा नाही म्हणतो. आतली डिस्क बदलू, की बाहेरून जोडायची घेऊ?

बावीस वर्षं मी वाराणसीत मैदागिनजवळच्या एका गल्लीत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं आणि दुरुस्तीचं दुकान चालवतोय. या अंकासाठी ‘काशीतल्या मराठी माणसाचा अनुभव’ मागितला गेला तेव्हा मागणाऱ्यांच्या मनात घाट आणि वेदपाठ असणार. माझ्याकडे हार्ड डिस्क आहेत. वरच्या प्रश्नाचं उत्तर मी हजारो वेळा दिलंय आणि ते बहुतेक वेळा बरोबर दिलंय. एकदा तेच बरोबर उत्तर देऊन मी माझा भाऊ घालवला. म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी कुणाला घ्यायची असेल तर फसणार नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर सुई धावते. नव्या पद्धतीची, जिला आम्ही एसएसडी म्हणतो, तिच्यात हलणारं काहीच नाही, नुसत्या चिप. गेम म्हणजे काय, तर तुम्ही पडद्यावर एक कोपरा वळलात की पुढचा रस्ता, भिंती, झाडं, माणसं त्या क्षणी डिस्कमधून उचलून आणावी लागतात. तबकडी धापा टाकत आणते, चिप चटकन आणते. म्हणून रोज खेळायचा गेम लॅपटॉपच्या आत, एसएसडीवर. बाहेरची डिस्क ठेवायला चांगली: फोटो, सिनेमे, खेळून झालेले पण पुसवत नाहीत असे गेम. बाहेरची एसएसडीही आता वेगवान मिळते, पण तुमच्या लॅपटॉपचं वायर खुपसायचं भोक जुन्या काळचं असेल तर तिचा वेग त्या भोकातच अडकतो. आणि वायर. कायद्याचा एक विद्यार्थी माझ्याकडे यायचा. तो गादीवर लोळून गाड्यांच्या शर्यती खेळायचा, डिस्क वायरला लोंबकळत असायची. शर्यत जिंकल्यावर त्यानं पाय झाडले. डिस्क फरशीवर. ती हातात घेऊन हलवली तर आतून पत्र्याच्या डब्यात खडे असल्यासारखा आवाज. "भैया, अभी भी वारंटी में है," म्हणाला. मी त्याला म्हटलं, वॉरंटी डिस्कची असते, लाथेची नसते.

आतल्या डिस्कचा तोटा एवढाच, की लॅपटॉप उघडावा लागतो आणि जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर नीट न्यावं लागतं. ‘सगळं’ हा शब्द ध्यानात ठेवा.

माझे वडील रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवत. त्यांचं म्हणणं, पोथी भिजते, जळते, उंदीर खातात. गळ्यात आहे तेच आपलं. मलाही तिथं बसवलं होतं. तेराव्या वर्षी एका सहाध्यायाच्या डोक्यात मी पाट घातला आणि माझं अध्ययन संपलं. वडील म्हणाले, "तू हमाली कर." मी केली. गोदौलियाच्या एका व्यापाऱ्याकडे डोक्यावरून मॉनिटर वाहिले, तेव्हाचे, बोकडाएवढे जड. वाहता वाहता कुठला माल कुठून किती भावाला येतो ते शिकलो. पुढे दुकान टाकलं. वडील त्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत. पण कुणी आतली की बाहेरची विचारलं की माझ्या तोंडून त्यांचाच सूर निघतो, हे मला फार उशिरा कळलं. आतली घ्या. आत आहे तेच आपलं.

दुकान मी टाकलं, पण चाललं ते विनूमुळे. विनू माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दूधविनायक मोहल्ल्यात एकाच घरात वाढलो. तो मला अण्णा म्हणतो. मी तापट, तो थंड. मी बोलायचं आणि त्यानं उघडायचं, अशी आमची वाटणी. लॅपटॉपचे स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला की खालचा बोर्ड फुटतो. विनू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथं चिकटपट्टीनं डकवायचा. सोळा वर्षांत त्याच्या हातून एक बोर्ड फुटला नाही. माझ्या हातून तीन फुटले, मग मी स्क्रूला हात लावणं सोडलं.

आणि आमचं एक हत्यार होतं जे गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या दुकानाकडे नव्हतं. मराठी. काशीत आमची मराठी घराच्या उंबऱ्याआतली. बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, नाहीतर बनारसी. त्यामुळे काउंटरवर गिऱ्हाईक समोर उभं असताना आम्ही त्याच्याबद्दल त्याच्या तोंडावर बोलायचो. मी हिंदीत भाव सांगायचो आणि मान न वळवता, पंचांग वाचल्यासारख्या सुरात विनूला विचारायचो, "कुठवर जाईल?" विनू स्क्रूतून डोळे न काढता म्हणायचा, "बाहेर मोटारसायकल नवी आहे. आणि बरोबर बायको आहे. फार घासणार नाही." गिऱ्हाइकाला वाटायचं आम्ही मालाबद्दल बोलतोय. गाझीपूरचा एक हुशार माणूस एकदा म्हणाला, "आप लोग संस्कृत में बात करते हैं क्या?" विनू गंभीरपणे म्हणाला, "जी, मंत्र है. मशीन के लिए."

या हत्याराचा वार आमच्यावरच उलटला तो सप्रेकाकूंच्या दिवशी.

धनत्रयोदशीला चार दिवस होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या, साधी सुती साडी, कापडी पिशवीत लॅपटॉप. ठसक्यात म्हणाल्या, "ए भैया, ई बहुत धीमा चलत बा. बाहर से लगावे वाला डिस्क चाही." मी लॅपटॉप उलटा केला. बुटं झिजलेली. सरळ केला. चार बटणं पुसलेली. मी चकित होऊन विनूकडे बघितलं आणि म्हटलं, "म्हातारीचा नातू खेळतो वाटतं. बाहेरची कशाला, आतली एसएसडी गळ्यात मारू. साडेपाच सांगतो, पाचाला सोडू."

बाई म्हणाल्या, "पाचच सांग की. म्हातारीचा वेळ वाचेल. आणि नातू नाही, मीच खेळते."

विनूच्या हातातला स्क्रू पडला. सोळा वर्षांत प्रथमच.

काकूंचे यजमान बँकेत होते. महाराष्ट्रातून नोकरीसाठी निघाले ते दर तीन वर्षांनी नवं शहर, अशी बत्तीस वर्षं. शेवटची बदली वाराणसीची. इथंच भेलूपूरला भाड्याच्या घरात राहिले. बदल्यांच्या गावी आठ-आठ दिवसांत बोली उचलायची काकूंना सवय, म्हणून ती बनारसी. निवृत्तीनंतर काकांना एका गेमचा नाद लागला. त्यात मारामारी नाही. एक ओसाड माळ मिळतो, आणि आपण तिथं विहीर खणायची, झाडं लावायची, घर बांधायचं, जनावरं पाळायची. काका आठ वर्षं ते गाव वसवत होते. "मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न, तुमचं गाव कोणतं," काकू म्हणाल्या. "ह्यांना सांगता यायचं नाही. सासऱ्यांनीच जमीन विकलेली. मग ते म्हणायचे, थांबा, होतंय." गावात दोन माणसं फिरायची, एक काकांचं आणि एक काकूंचं. काकूंच्या माणसाकडे झाडांना पाणी घालायचं काम. काका जाऊन दीड वर्ष झालं होतं. काकू रोज सकाळी चहा घेऊन गाव उघडायच्या, पाणी घालायच्या आणि काकांनी बांधलेल्या अंगणात थोडा वेळ आपलं माणूस बसवून ठेवायच्या. काकांचं माणूस विहिरीपाशी उभं. ते हलवायचं बटण काकूंनी कधी दाबलं नाही.

"पण आता गाव उघडायला दहा मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "चहा निवतो. बाहेरची डिस्क दे, लॅपटॉप उघडू नकोस. ह्यांनी ठेवलाय तसा राहू दे."

मी त्यांना समजावलं. बाहेरच्या डिस्कनं हा दहा मिनिटांचा रोग जाणार नाही. लॅपटॉप चालू होतो तोच आतल्या जुन्या तबकडीवरून. शिवाय आतली तबकडी म्हातारी झालीय, कर्रकर्र वाजतेय, ती कधीही मान टाकेल. आतली एसएसडी घाला, मिनिटभरात गाव उघडेल. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. विनूनंही मान हलवली. काकू बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तू सांगतोस तर उघड."

मला तिथं थांबता आलं असतं. पण दुकानाबाहेर मी पाटी लावली होती, "पुरानी डिस्क दीजिए, नयी लीजिए". जुन्या डिस्कच्या बदल्यात थोडी सूट. धंद्याची युक्ती होती, गिऱ्हाइकाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं, आणि जुनी डिस्क पुसून, तपासून पुढं विकली की सूट वसूल. काकूंनाही तीच सूट दिली. त्यांनी विचारलं, "जुनीचं काय काम आहे का मला?" मी म्हटलं, "काही नाही काकू. सगळं नव्यात येतं."

विनू म्हणाला, "अण्णा, पूर्ण नक्कल करू. चार तास लागतील." पूर्ण नक्कल म्हणजे जुन्या डिस्कवरचा कण न् कण नव्या डिस्कवर. मी म्हटलं, "गर्दी बघ. नवं विंडोज टाक, फोटो आणि कागद उतरव, गेम परत चढव. तासात हो." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तसं केलं. पण जुनी डिस्क त्यानं आपल्या फळीवर ठेवली, वर चिठ्ठी: ‘सप्रेकाकू, आठ दिवस’. ही त्याची रीत. कुणाचीही जुनी डिस्क आठ दिवस पुसायची नाही. माणसाला काय राहिलं ते लगेच आठवत नाही, असं तो म्हणायचा. मी त्याला हसायचो. म्हणायचो, दुकान आहे की सुतक?

धनत्रयोदशीला विनू दुपारी घरी जेवायला गेला. अमृतराव घाटावर नावेतून आरतीचे व्हिडिओ काढून यात्रेकरूंना विकणारा एक माणूस आला. त्याला स्वस्तातली जुनी डिस्क तातडीनं हवी होती. पुसून तयार ठेवलेल्या सगळ्या संपल्या होत्या. मी विनूच्या फळीवरून एक उचलली, चिठ्ठी काढली, पाच मिनिटांत पुसली आणि दिली. सणाच्या दिवशी लक्ष्मी परत पाठवत नाहीत.

पाचव्या दिवशी काकू आल्या. चेहरा पांढरा. "सगळं आहे रे," म्हणाल्या. "फोटो आहेत, ह्यांची पत्रं आहेत. गेमही लगेच उघडतो. पण आत माळ आहे. नुसता ओसाड माळ. चार दिवस वाटलं, माझंच काही चुकतंय."

आता यातली मेख सांगतो, कारण ती आजही दहातल्या सात दुकानदारांना ठाऊक नसते. गेम एके ठिकाणी असतो आणि त्यात तुम्ही काय केलंत त्याची नोंद दुसऱ्याच ठिकाणी, नजरेआड ठेवलेल्या एका कप्प्यात. फोटोंच्या कप्प्यात नाही, कागदांच्या कप्प्यात नाही. आजकालचे पुष्कळ गेम ती नोंद इंटरनेटवरही ठेवतात, काकांचा जुना होता, ठेवत नव्हता. आम्ही गेम नेला आणि गाव मागे राहिलं.

विनू शांतपणे म्हणाला, "काळजी करू नका काकू. जुनी डिस्क आहे माझ्याकडे." आणि फळीकडे हात नेला. हात तिथंच राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

त्या क्षणी मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे होते. फक्त दोन. ‘जळाली म्हण.’ सोळा वर्षं असे हजार शब्द मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोललो होतो. पण समोरच्या बाईला मराठी येत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषेनं माझं तोंड बांधलं. तेव्हा मी सरळ काकूंनाच म्हणालो, "ती खराब निघाली हो. फेकून द्यावी लागली."

विनू म्हणाला, "नाही काकू. अण्णानं विकली."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्यांना शब्द कळले नाहीत, पण काकूंचा चेहरा कळला. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, बंद नीट बांधले आणि गेल्या.

नंतर मी विनूला जे बोललो ते इथं लिहिणार नाही. दुकान कुणाचं आहे, डोक्यावर ओझं कुणी वाहिलं, वगैरे सगळं त्यात आलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मी खोटं बोलायला हवं होतं का?" मी म्हटलं, "गप्प बसायला हवं होतं." त्यानं आपले स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळले. आठवड्यानं कळलं, पुण्याला गेला. तिथं एका ओळखीच्याकडे, बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देण्याच्या कामाला लागला.

त्याला आता चार वर्षं होतील. दूधविनायकच्या घरी आजही मीच गुन्हेगार. काकू, म्हणजे विनूची आई, माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवते आणि आत निघून जाते. चूक माझी होती, हे मी मान्य करतो. पण माझं एक दुखणं आहे आणि ते मी कुणाच्या भिडेनं सोडणार नाही. भावानं भावाला भर काउंटरवर उघडं पाडायचं नसतं. मला बाजूला घेऊन सांगायचं होतं, मी स्वतः सांगितलं असतं. सांगितलं असतं का? माहीत नाही. पण तेवढी संधी माझ्या हक्काची होती.

तो गेल्यावर मी दोन कारागीर ठेवले. दोघेही हुशार, दोघेही इथलेच. दुकान चाललंय. पण गिऱ्हाईक घासायला लागलं की माझी मान आपोआप डावीकडे वळते आणि तोंडून येतं, "कुठवर जाईल?" कारागीर विचारतो, "जी?" मी म्हणतो, कुछ नहीं. दिवसभरात मराठीचा एक शब्द होत नाही. बायको माझी इथलीच, मुलं घरातही हिंदीत बोलतात. कधी कधी दुपारी दुकान रिकामं असताना मी आपलं मोठ्यानं म्हणतो, "विनू, बल्ब लाव रे, दिसत नाही." बल्ब मीच लावतो.

सप्रेकाकूंची डिस्क मात्र विनू गेल्यावर दोन महिन्यांतच मी शोधायला निघालो. घाटावर तो व्हिडिओवाला रोज वेगळ्या नावेतून जायचा. नावाड्यांना विचारत विचारत तिसऱ्या दिवशी गाठला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बेरका निघाला. मला गरज आहे हे त्यानं माझ्या चालण्यावरून ओळखलं. "इसमें तो हमारा रोजी-रोटी है, मालिक," म्हणाला. मी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. त्याला नवी एसएसडी दिली, त्याचे व्हिडिओ तिच्यावर घालून दिले आणि जुनी घेतली. तो इतका खूश झाला की मला नावेतून फुकट फिरवतो म्हणाला. मी नको म्हटलं.

डिस्क घेऊन भेलूपूरला गेलो. काकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, "सापडली. पण वर बरंच लिहिलं गेलंय. हे काढायचं काम माझ्या हातचं नाही."

"मग कुणाच्या?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुणाच्या."

काकूंकडे विनूचा नंबर होता. तो दर रविवारी त्यांना फोन करायचा, हे मला तेव्हा कळलं. मला एकदाही केला नव्हता. त्यांनी पत्ता लिहून दिला आणि डिस्क मी स्वतः फोममध्ये गुंडाळून पुण्याला पाठवली. आत चिठ्ठी घालावी म्हणून कागद घेतला. ‘काकूंची’ एवढाच शब्द सुचला.

तीन आठवड्यांनी काकूंचा निरोप आला, रविवारी सकाळी ये. गेलो तेव्हा त्या टेबलाशी बसल्या होत्या आणि फोन समोर आडवा ठेवून स्पीकरवर लावलेला. विनूचा आवाज येत होता. मी दारातच थांबलो. काकूंनी बोटानं खुर्ची दाखवली.

"गाव नाही मिळालं काकू," तो म्हणत होता. "नोंद जिथं होती त्याच जागेवर व्हिडिओ बसलेत. तुकडे निघाले, पण ते जुळत नाहीत. खूप करून पाहिलं."

"बरं," काकू म्हणाल्या.

"एक गोष्ट मिळाली. तुम्ही खेळ बंद केला की गेम प्रत्येक वेळी एक बारीकसं चित्र काढून ठेवतो, गाव कसं दिसतं त्याचं. तसलं एक अख्खं निघालं. पाठवलंय तुम्हाला."

काकूंनी चित्र उघडलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं, मोठं केलं की चौकोन चौकोन दिसायचे. तरी विहीर कळत होती. अंगण कळत होतं. झाडांच्या दोन रांगा होत्या आणि विहिरीपाशी निळा ठिपका. काकूंनी चष्मा काढून फोनचा पडदा डोळ्यांशी नेला. "सदरा निळा होता," म्हणाल्या. मग झाडांवरून बोट फिरवत, "डावीकडे नऊ झाडं होती. मला आठच वाटायची." लॅपटॉप उघडाच होता; त्यावर तोच ओसाड माळ. चित्र शेजारी उभं करून त्यांनी विहिरीची जागा मोजायला घेतली. पावलं मोजत होत्या, ओठ हलत होते. आम्ही दोघं तिथं आहोत हे त्या विसरल्या.

मला राहवलं नाही. मी फोनकडे वाकून म्हटलं, "थेट डिस्कवरच काम केलंस का आधी तिची नक्कल काढलीस?"

विनू म्हणाला, "नक्कल काढली. अण्णा, मी काल शिकलोय का हे?"

"तबकडी कर्रकर्र करत होती. तापली असेल."

"पंख्याखाली ठेवली होती. मधूनमधून थांबवून."

"कुठला प्रोग्राम लावलास?"

त्यानं सांगितलं. मी म्हटलं, तो भिकार आहे. तो म्हणाला, तुला काय कळतं, तीन बोर्ड फोडलेस. मी म्हटलं, तेव्हाचे बोर्डच कागदासारखे होते. तो म्हणाला, हो, आणि स्क्रू तलवारीसारखे. असं आमचं दहा मिनिटं चाललं. आवाज चढले. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन डोकावून गेल्या. मराठीत, पोटभर, आम्ही एका मेलेल्या डिस्कवरून भांडलो. घरी कधी येतोस हे मी विचारलं नाही. दुकान कसं आहे हे त्यानं विचारलं नाही. माझं दुखणंही मी काढलं नाही, कारण ते बाहेर पडलं असतं तर त्यानं फोन ठेवला असता.

बोलण्यासारखं संपलं तेव्हा तो म्हणाला, "बरं, ठेवतो."

"ठेव," मी म्हटलं.

त्यानं ठेवला नाही. मीही हात पुढं केला नाही. टेबलावर फोनचे सेकंद पुढं सरकत होते. काकू विहिरीपासून अंगणापर्यंत पोचल्या होत्या. पलीकडे पुण्याच्या रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग बारीक किरकिर: कुणीतरी स्क्रू उलटा फिरवत होतं. तीन फेरे, थोडं थांबून आणखी एक. स्क्रू निघाला. पाठोपाठ चिकटपट्टी फाडल्याचा आवाज.

त्यानं कामाला सुरुवात केली होती आणि फोन चालूच होता. मी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि ऐकत बसलो.